प्रवाळांचा पीएच आणि हळदीकुंकू

समुद्रात खारं पाणी आयतं मिळतं. न्यू जर्सीतल्या आमच्या हॉलमध्ये, प्रवाळांच्या टाकीसाठी, ते तयार करावं लागतं. नळाच्या पाण्यात जे जे असेल ते आरओ-डीआय फिल्टर लावून काढून टाकायचं, मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, शून्य दिसेपर्यंत. मग विकतचं मीठ घालून कॅल्शियम, मॅग्नेशियमसकट सगळं परत आत! मालवणहून आलेली आई हा खटाटोप बघत होती. "समुद्रात मीठ कोण घालता रे?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं. क्षारता (हजार भाग पाण्यात क्षार किती भाग) ३५ च्या आसपास हवी, आकडा ३३ वर अडला होता.

आईच्या लेखी प्रवाळ म्हणजे दगड. खरं तर तो प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल पोटभाडेकरू म्हणून राहतं आणि भाड्यापोटी साखर देतं. पाणी दोन-तीन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच राहिलं, की मालक भाडेकरूला बाहेर काढतो, स्वतः पांढराफटक पडतो आणि बऱ्याचदा उपासमारीने मरतो. (पुण्यातल्या घरमालकांनी नोंद घ्यावी.) भारतात हा उद्योग जमलाच नसता. तिथे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये वाघाच्या पंगतीला बसलंय. इथे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे दुकानात मिळतात. पेराएवढ्या तुकड्याची किंमत मी घरात डॉलरमध्ये सांगत नाही, आईला रुपयांत तर मुळीच नाही.

रोजची खरी परीक्षा अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्याची. सांगाडा बांधायला प्रवाळ पाण्यातला कार्बोनेट खात सुटतं, म्हणून आकडा ८ ते ९ डीकेएचमध्ये (हे त्या साठ्याचं माप) धरून ठेवायचा. कुपीत टाकीचं पाणी, त्यात रंगाचे थेंब, मग सिरिंजमधून थेंब थेंब ॲसिड, निळ्याचं गुलाबी होईपर्यंत. आता ज्या घरात साड्यांचं कपाट आहे तिथे गुलाबी कशाला म्हणायचं यावर एकमत कसं व्हावं? मी थांबलो तर बायको म्हणते, "हा जांभळटच आहे अजून." आणखी एक थेंब. "आता राणी कलर झाला, गेला पुढे." आई चष्मा पुसून सांगते, "अबोली." तिघांची सरासरी काढून मी सोड्याचा डोस ठरवतो.

फॉस्फेटबद्दल तर बोलूच नये. वाढला की शेवाळ. शून्यावर आणला तर डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे वाळूवर शेंबडासारखा तपकिरी थर. टापटिपीची एवढी वाईट शिक्षा मी दुसरीकडे पाहिली नाही.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बाहेर बर्फ, खिडक्या घट्ट बंद, हॉलभर बायका. माणसं सोडतात तो कार्बन डायऑक्साइड टाकीच्या पाण्यात विरघळतो आणि पीएच घसरतो. तिळगूळ वाटेपर्यंत ८.१ चा ७.८ झाला. बायका गोड बोलत होत्या, पण बोलत होत्या म्हणजे श्वासही सोडत होत्या. मी हळूच टाकीमागची खिडकी उघडली. पाच मिनिटांत पैठण्यांवर जॅकेटं चढली. वाण घ्यायला पुढे आलेल्या एका वहिनींनी दात वाजवत विचारलं, "काकू, हीटिंग बिघडलंय का हो?"

आईने तिच्या हातात वाण ठेवलं. "नाय गो. माझ्या झिलाच्या दगडांका गुदमरता."