भिजलेला मोबाईल तांदळात ठेवू नका

पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की कोल्हापुरातल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: भिजलेला मोबाईल रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा, सकाळी ठणठणीत. हे खरं नाही. तांदूळ मोबाईलच्या आतलं पाणी ओढून घेत नाही, मग तो आजऱ्याचा घनसाळ का असेना. उलट त्याची भुकटी, कण्या चार्जिंगच्या खाचेत अडकतात. अ‍ॅपलनेही तांदूळ टाळायला सांगितलं आहे. खरा धोका रात्रभर थांबण्यात आहे. तेवढ्यात आतल्या बोर्डावर हिरवट-पांढरा गंज चढू लागतो. मोबाईल लगेच बंद करा, सिम काढा, खाच खाली धरून हलकेच झटका, वाऱ्याला ठेवा. चार्जर अजिबात लावू नका. पुराचं गढूळ पाणी आत गेलं असेल, तर वाळायची वाट न बघता दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घ्या.