फुकटचा सीओटू आणि सिलिंडरचं बिल: एका फॉरवर्डचा हिशेब

पुण्यातल्या मायक्रोब्रूअरीवाल्यांच्या (जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्यांच्या) व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: बिअर आंबताना १००० लिटरच्या बॅचमधून ४० किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) फुकट निघतो, तो तुम्ही हवेत सोडता आणि वर सिलिंडर विकत आणता. हा गॅस पकडून साठवणारा छोटा रिकव्हरी प्लांट बसवा, सिलिंडर कायमचे बंद. तोवर बिअरचं कार्बोनेशन (तिच्यात विरघळवलेला गॅस) जरा कमी ठेवा, भोसरीहून वेल्डिंगचा गॅस आणा आणि गेज पडायला लागलं की लगेच सिलिंडर बदला. यातलं पहिलं वाक्य जवळपास खरं आहे. बाकीचं ऐकलंत तर खिशाला चाट बसेल.

'४० किलो निघतो.' निघतो. १२ प्लेटोचा वॉर्ट (१०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम अर्क असलेलं, आंबण्याआधीचं माल्टचं पाणी) नेहमीसारखा आंबला तर दर १०० ग्रॅममागे साधारण ८ ग्रॅम अर्क यीस्ट खातं आणि त्याच्या निम्म्याहून किंचित कमी वजनाचा सीओटू होतो. १००० लिटरमागे ३८ किलो धरा.

'रिकव्हरी प्लांट बसवा.' निघालेला गॅस आणि वापरता येण्याजोगा गॅस यांत बरंच अंतर आहे. सुरुवातीच्या गॅसमध्ये टाकीतली हवा मिसळलेली असते, तो सोडूनच द्यावा लागतो. शेवटी धार इतकी बारीक होते की काँप्रेसर चालवणं परवडत नाही. मोठ्या कारखान्यांतही १०० लिटरमागे २ किलोच्या आसपासच हाती लागतो. त्यासाठी फेस अडवणारं भांडं, पाण्याचा स्क्रबर, गंधकाचा वास काढायला अॅक्टिव्हेटेड कार्बन, ड्रायर, काँप्रेसर आणि गॅस द्रवरूप करायला शीतयंत्रणा लागते. द्रवरूप न करता साठवायचं म्हटलं तर २० किलो गॅसला साध्या दाबाला ११ घनमीटर जागा हवी. बाणेरच्या मॉलमध्ये ती कुठून आणणार? आणि तो स्वतःच सिलिंडरमध्ये भरायचा विचार असेल तर गॅस सिलिंडर रूल्स, २०१६ प्रमाणे भरण्यासाठी परवाना लागतो. महिन्याला ८ बॅचेस, बॅचला १६ किलो (हा हिशेब पुढे आहे) आणि किलोला ४० रुपये असा दर धरला तर सगळं बिलच ५,१२० रुपये होतं. प्लांटच्या कोटेशनला या आकड्यानं भागा, किती महिने येतात ते पाहा. त्यात वीज आणि देखभाल अजून धरलेलीच नाही.

फुकटचा गॅस वापरायची साधी वाट दुसरी आहे: तो साठवूच नका, निघता निघता शेजारच्या टाकीत घाला. फर्मेंटरच्या (बिअर आंबते त्या टाकीच्या) ब्लो-ऑफची, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी, नळी बादलीत सोडण्याऐवजी आधी एका रिकाम्या केगमध्ये (बिअरच्या पिंपात) न्या, म्हणजे वर आलेला फेस तिथेच अडकेल. तिथून ती धुऊन सॅनिटाइझ केलेल्या ब्राइट टँकच्या (तयार बिअर ठेवायच्या टाकीच्या) तळाच्या व्हॉल्व्हला जोडा. ब्राइट टँकच्या वरच्या तोंडातून दुसरी नळी काढा आणि तिचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. सीओटू हवेच्या दीडपट जड असल्यानं तळातून सावकाश शिरला तर हवा वर ढकलत जातो. बुडबुडे जोरात सुरू झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी जोडायचं. ३८ किलो म्हणजे २१ घनमीटर गॅस. १२५० लिटरची टाकी त्यानं सोळा वेळा भरते, त्यामुळे गॅस पुरेल का ही चिंता नको. चिंता करायची ती बंद तोंडाची. वरची नळी मुडपली किंवा फेसानं चोंदली तर दोन्ही टाक्यांवर दाब चढतो, म्हणून दोन्हींवरचे पीआरव्ही (जादा दाब सोडणारे व्हॉल्व्ह) आधी हातानं उचलून तपासा. आणि तोंडाशी काडी विझली म्हणजे टाकी तयार झाली असं समजू नका. ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांवर आला तरी काडी विझते, बिअरला तेवढा ऑक्सिजन म्हणजे आठवड्याभरात पुठ्ठ्याची चव.

हे सगळं करून पुढच्या बॅचनंतर तीच टाकी कॉस्टिकनं धुतलीत तर कमावलेलं घालवलंत. सीओटूनं भरलेल्या १२५० लिटरच्या टाकीत सव्वादोन किलो गॅस असतो आणि तो चार किलो कॉस्टिक सोडा मारतो. २ टक्क्यांचं १०० लिटर द्रावण म्हणजे दोनच किलो, ते संपूर्ण वाया. वर गॅस शोषला गेल्यानं टाकीत निर्वात होऊन ती आत चेपते, तो खर्च वेगळाच. ब्राइट टँकला गॅस तसाच ठेवून अॅसिडनं सीआयपी (टाकी न उघडता आतून धुणं) करा. कॉस्टिकची पाळी अधूनमधून, आणि तीही टाकी हवेनं पूर्ण मोकळी केल्यावरच.

'कार्बोनेशन कमी ठेवा.' हा सल्ला देणाऱ्यानं कधी बेरीज केलेली दिसत नाही. १००० लिटरच्या बॅचला सिलिंडरचा गॅस असा जातो: हवा हुसकायला ब्राइट टँक तीनदा भरेल इतका पर्ज, पावणेसात किलो. टाकीला १ बार दाब, सव्वादोन किलो. आंबून झालेल्या बिअरमधले ०.८५ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या किती पट गॅस विरघळलाय त्याचं माप) २.५ पर्यंत नेणं, सव्वातीन किलो. नळापर्यंत १ बारनं ढकलणं, चार किलो. एकूण सोळाच्या आसपास, त्यात कार्बोनेशन जेमतेम एक पंचमांश. २.५ वरून २.३ व्हॉल्यूमवर आलात तर बॅचमागे ४०० ग्रॅम वाचतात आणि गिऱ्हाईक ग्लास परत पाठवतं. त्यापेक्षा मघाशी सांगितलेली ब्लो-ऑफची नळी जोडलीत की पावणेसात किलो तिथेच सुटतात. आंबणं संपायला १ ते दीड प्लेटो उरलेला असताना स्पंडिंग व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबापर्यंत गॅस आतच कोंडणारा) १ बारवर लावला तर २० अंशांना १.७ व्हॉल्यूम बिअर स्वतःच धरते. मात्र आधी फर्मेंटरच्या पाटीवरचा कमाल दाब वाचा. (कार्बोनेशनचे छापील तक्ते समुद्रसपाटीचे असतात. पुणे ५६० मीटरवर आहे, गेजवर ०.०६ बार जास्त ठेवावा लागतो.)

तुमच्या रजिस्टरमध्ये बॅचमागे १६ ऐवजी ३५ किलो दिसत असतील तर गळती आहे. २ बारच्या लाइनला ०.३ मिलिमीटरचं भोक तासाला दीडशे ग्रॅम सोडतं, महिन्याला १०० किलोंवर. एवढी फुसफुस चिलरच्या आवाजात कोणालाही ऐकू येत नाही. रात्री बंद करताना सगळे नळ मिटवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, रेग्युलेटरच्या पुढचा दाब लिहून ठेवा. सकाळी पडला असेल तर लाइन तुकड्यातुकड्यानं बंद करत साबणाचं पाणी लावा. ट्राय-क्लॅम्पची (पाइप जोडणाऱ्या पकडीची) चेपलेली गॅस्केट, केग कपलरचं (केगला नळी जोडणाऱ्या तोंडाचं) सील आणि पुशफिटमध्ये (दाबून बसवायच्या जोडात) तिरकी कापलेली नळी, बहुतेकदा या तिघांतलंच एक सापडतं. तळघरात टाक्या असतील तर हा प्रश्न फक्त पैशाचा राहत नाही: आठ तासांच्या कामाला सीओटूची मर्यादा ५००० पीपीएम आहे आणि गॅस जमिनीलगत साचतो. सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर लावा, छताला नको.

'वेल्डिंगचा गॅस चालतो.' गॅस एकाच प्लांटचा असेलही, सिलिंडर एकच नसतो. वर्कशॉपमधून आलेल्या बाटलीत तेल, गंज, ओलावा काय आहे हे कोणी सांगत नाही. फूड ग्रेड, आयएनएस २९० (खाद्यपदार्थांत वापरायच्या सीओटूचा क्रमांक), आणि त्या लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. नाही म्हटलं तर दुसरा पुरवठादार बघा.

'गेज पडलं की बदला.' सगळ्यांत महाग सल्ला हाच. ३० किलोच्या सिलिंडरमध्ये द्रव सीओटूचा शेवटचा थेंब असेपर्यंत २० अंशांना गेज ५७ बारच दाखवतं. काटा खऱ्या अर्थानं उतरायला लागतो तो द्रव संपल्यावर, आणि त्या क्षणी ४५ लिटरच्या त्या बाटलीत वायुरूपात अजून साडेआठ किलो असतो. तेव्हा बदललात तर चौथा हिस्सा गॅस पुरवठादाराला परत दिलात. उलट एका दमात जास्त गॅस ओढला की बाटली गार पडते, बाहेरून दव धरते, रेग्युलेटरवर बर्फ येतो आणि काटा खाली येतो. द्रव मात्र आत शिल्लक असतो, सकाळी काटा पुन्हा वर. मे महिन्यात बाटली ३१ अंशांवर गेली की आत द्रव उरतच नाही, मग काट्याचा अर्थ आणखी बदलतो. म्हणून सिलिंडर प्लॅटफॉर्म वजनकाट्यावरच उभा ठेवा, खांद्यावर कोरलेलं टेअर (रिकाम्या बाटलीचं) वजन वजा करा आणि दर बॅचला आकडा लिहा. दाब ५ बारवर आला की बाटली काढा. व्हॉल्व्ह बंद करून परत द्या, पूर्ण रिकामी होऊ दिली तर आत ओलावा शिरतो.