पंचम सोडलेली गिटार

वॉइव्हॉड या कॅनडातल्या मेटल बँडने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलं, हा विषय बंड्यानेच काढला. फडके रोडच्या कट्ट्यावर पहिला चहा अजून हातात यायचा होता.

"संपले," बंड्या म्हणाला. "मेटलवाला व्हायोलिनवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसला की समजायचं, पेन्शनीत निघाला. वॉइव्हॉडसुद्धा! मॉन्ट्रियलचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणे!"

मुक्ता गिटारची बॅग भिंतीला टेकवत होती. "वॉइव्हॉडचं तू शेवटचं काय ऐकलंस?"

"2003 चा अल्बम. जेसन न्यूस्टेडवाला."

"म्हणजे मेटालिका सोडून आलेला माणूस त्यांच्यात उभा राहिला तेव्हा तुला ते दिसले. आधीची वीस वर्षं क्यूबेकमधल्या झोंकिएर गावची ही चार पोरं काय गोट्या खेळत होती?"

बंड्याचं माप एकच: मिनिटाला ठोके किती. दोनशेच्या खालचं सगळं त्याच्या लेखी भावगीत. त्यामुळे वॉइव्हॉडचा 1984 चा अल्बम 'वॉर अँड पेन' त्याला कसाबसा मान्य. 'डायमेन्शन हॅट्रॉस' त्याला "गणिताचा पेपर" वाटतो, आणि 'नथिंगफेस'मधलं त्याला फक्त पिंक फ्लॉइडचं गाणं ठाऊक.

"अरे, पण त्या गावात दुसरं होतं काय?" सावंत मध्ये पडला. सावंत लाइव्ह साउंड करतो, बोलतो कमी. "क्यूबेक शहरापासून उत्तरेला जंगलातून दोनशे किलोमीटर. शेजारचं आर्विदा तर अ‍ॅल्युमिनियमसाठीच वसवलेलं. 1950 मध्ये तिथं नदीवर मोटारींचा पूलसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचाच बांधला, आजही उभा आहे. त्यांचा ड्रमर अवे मुलाखतींत तिथला कारखाना काढतोच. आणि कव्हरवरची यंत्रं आणि सांगाडेही तोच काढतो."

"म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये मिक्सर फिरवल्यासारखा आवाज," बंड्या.

"तो मिक्सर म्हणजे त्यांच्या ब्लॅकीचा बेस गिटार," मुक्ता म्हणाली. "ब्लोअर बेस म्हणायचे त्याला. तू तसा आवाज काढायला गेलास तेव्हा काय झालं, आठवतं?"

आठवत सगळ्यांनाच होतं. बंड्याने बेस सरळ गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये, म्हणजे आवाज फाडणाऱ्या डबीत, खुपसला होता. गिटारची पेडलं खालचा आवाज कापूनच पुढे जातात. उरली ती माशीची भुणभुण, आणि ड्रमखाली जमीनच नाही.

"सिग्नल दोन वाटांनी न्यायचा," सावंत म्हणाला. "एक वाट साफ, तिच्यात साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचंच ठेवायचं. दुसरीतला खालचा भाग आधी कापायचा आणि मग ती डिस्टॉर्शनमध्ये घालायची. शेवटी दोन्ही एकत्र. एकत्र केल्यावर आवाज वाढायच्या ऐवजी बारीक झाला, तर एका वाटेचा फेज उलटा आहे. बटण दाबून फिरवायचा. लोक इथेच हरतात आणि नवा अँप घ्यायला धावतात."

"मी नाही घेतला," बंड्या.

"तू माझं पेडल घेतलंस," मुक्ता म्हणाली. "आणि उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर लावून जाळलंस."

हे प्रकरण चार वर्षं जुनं, आणि दर बैठकीला एकदा निघतंच. सावंतने ते दोन रुपयांचा डायोड बदलून दुरुस्त केलं होतं. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण. अडॅप्टरवरचं ते छोटं चित्र बघायला पाच सेकंद पुरतात. बंड्याकडे ते पाच सेकंद नव्हते, हे मुक्ता विसरायला तयार नाही.

"मुद्द्यावर या," बंड्या घाईने म्हणाला. "व्हायोलिनं कशाला?"

खरी चर्चा इथून सुरू झाली, आणि मुक्ताचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. तिने गिटार बाहेर काढली. तर्जनी सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या तारेच्या सातव्यावर. "हा तुझा पॉवर कॉर्ड. सा आणि पंचम, तंबोराच म्हण. खाली 110 हर्ट्झ, वर 165. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या वजाबाकीचा तिसरा सूर आपोआप जन्मतो. इथे तो 55, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. घरचाच माणूस. म्हणून गेनचं, म्हणजे आवाज फाडायचं, बटण कितीही पिळ, तुझं बिघडत नाही."

मग तिने अनामिका उचलली आणि मधलं बोट पाचव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर ठेवलं. "आता हा वॉइव्हॉडच्या गिटारवाल्या पिगीचा कॉर्ड. सा आणि तीव्र मध्यम. 110 आणि 155.6. वजाबाकी 45.6. हा सूर सा नाही, मध्यमही नाही. खाली कुठेतरी धैवताच्याही किंचित खाली लोंबकळतोय. जमिनीखालून तिसराच कोणी बोलतोय असं वाटतं ना, तो हा."

"माझ्या अँपवर नुसता चिखल होतो," बंड्या.

"कारण तुझा गेन दहावर असतो. तो निम्म्यावर आण. पिकअप ब्रिजचा घे, पिक ब्रिजजवळ चालव. वरच्या तारांवर तर्जनी आडवी नुसती टेकवून त्या मुक्या ठेव. आणि अशा तीन-चार सुरांच्या कॉर्डमधून खालचा सा सरळ काढून टाक, तो बेसवाला देतोच. आणखी एक: पंचम बेसूर लागला तर आवाज लाटांसारखा हलतो, लगेच कळतं. तीव्र मध्यमात तसं कळत नाही. बोट जोरात दाबलंस, सूर चढला, तरी तुला वाटणार कॉर्डच असा आहे. म्हणून आधी डिस्टॉर्शन बंद करून वाजवायचं."

हे सगळं डेनी दामूर, म्हणजे पिगी, 1980 च्या दशकात करत होता. बाकी सगळे पंचमावर स्वार होऊन कोण जास्त पळतो ते बघत होते, तेव्हा. त्याचं नाव मोठ्या गिटारवाल्यांच्या यादीत आजही शोधावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो.

"ऑर्केस्ट्रा काही बाहेरून आणून चिकटवलेला नाही," मुक्ता म्हणाली. "ते कॉर्ड आधीपासून चेलो आणि ट्रॉम्बोनचेच होते. इतकी वर्षं एक माणूस सहा तारांवर ओढत होता."

"तो माणूस 2005 मध्ये गेला," बंड्या हळू आवाजात म्हणाला. एवढी तारीख त्याला पाठ होती.

"हो. आणि त्याने लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवलेल्या गिटारींवर बाकीच्यांनी 2006 चा 'काटॉर्झ' आणि 2009 चा 'इन्फिनी' उभा केला. आधी ड्रम आणि मग गिटार, ही नेहमीची रीत. इथे उलटं. गिटार ठरलेली, ती हलणार नाही. ड्रमरने तिच्या श्वासाप्रमाणे चालायचं. तुझ्या न्यूस्टेडनेही त्याच गिटारींवर बेस वाजवला. आता त्यांची गिटार चूई वाजवतो. तो पिगीचे कॉर्ड पिऊन आलेला माणूस आहे."

सावंतला मात्र वेगळीच काळजी. "ऑर्केस्ट्रा ओबोच्या सुरावर लागतो. काही 440 ला, काही 442 ला. गिटारवाल्याने ट्यूनर 440 वरच ठेवला तर आठ सेंटचा, म्हणजे सुरात बारीकसा, फरक पडतो. तो सगळ्या हॉलला टोचतो, आणि प्रत्येकाला वाटतं शेजारचा बेसूर आहे. शिवाय ड्रमभोवती पारदर्शक पडदे लागतात. नाहीतर व्हायोलिनच्या माइकमध्ये झांजाच येतात आणि व्हायोलिन वाढवलं की झांजा वाढतात."

"बघ! म्हणजे व्हायोलिनं नकोतच!" बंड्याला अखेर आधार सापडला.

"पडदे लाव म्हणतोय तो, व्हायोलिनं घरी पाठव नाही म्हणत," मुक्ता म्हणाली. "ये, गाऊन दाखवते. सावंत, सा धर. बंड्या, तू तीव्र मध्यम."

सावंतने सा धरला. बंड्याने डोळे मिटून सूर लावला, दोन सेकंद टिकवला आणि घसरून पंचमावर बसला. पुन्हा लावला. पुन्हा पंचम. तिसऱ्यांदा चहावाला पोरगा ग्लास ठेवता ठेवता थांबला आणि त्याने सहज अचूक तीव्र मध्यम लावला.

सावंतचा सा हसण्यात फुटला. बंड्या त्या पोराला विचारत होता की गिटार शिकणार का, आणि मुक्ता ओरडत होती, "आधी त्याला अडॅप्टरवरचं चित्र वाचायला शिकवा!"