बेवारस टीमचा वाली कोण?

जीएम सोडून गेलेल्या, म्हणजे बेवारस टीमचे निर्णय कोणी घ्यायचे, यावरून आमच्या बास्केटबॉल सिम लीगमध्ये आठवडाभर भांडण चालू आहे. माझं म्हणणं इथे सविस्तर मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या तीस टीम, प्रत्येकीला एक जीएम, म्हणजे टीम चालवणारा मॅनेजर. सामने कॉम्प्युटर खेळवतो. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल), ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड), करार आपण करायचे. नागपुरात धरमपेठ आणि शिवाजीनगरच्या कोर्टवर सोबत खेळणारे आम्ही नोकऱ्यांपायी पांगलो आणि ही लीग सुरू झाली. मी ती चालवतो.

तीसच्या तीस जीएम कधीच नसतात. कोणाची बदली होते, कोणाकडे बाळ येतं, कोणी न सांगता यायचं बंद करतो. टीम मात्र उरते, आणि लगेच इनबॉक्समध्ये मेसेज येतात: "बेवारस टीम आहे ना भाऊ, काय फरक पडते?"

पडतो. दोन सीझनांपूर्वी शार्लटला जीएम नव्हता. एकाने तेहतीस वर्षांचा, उतरणीला लागलेला गार्ड देऊन शार्लटचे पहिल्या फेरीचे दोन पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क, मागितले. कॉम्प्युटर फक्त खेळाडूची यंदाची सरासरी बघतो, त्याने हो म्हटलं. नियमात बसत होतं, म्हणून मी थांबवलं नाही. पुढे वर्ध्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा शार्लट घ्यायला आला. त्याचा पहिला प्रश्न होता, "दादा, आपले पिक कुठे गेले?" दीड सीझन नेटाने खेळला आणि सोडून गेला. ती चूक माझी होती.

आणि नुकसान एकट्या शार्लटचं नाही. एनबीएत पंधरा-पंधरा टीमच्या दोन कॉन्फरन्स असतात, आणि प्रत्येकीत पाच-पाच टीमच्या डिव्हिजन. सीझनच्या ८२ सामन्यांत आपल्या डिव्हिजनच्या प्रत्येक टीमशी चार-चार सामने असतात, दुसऱ्या कॉन्फरन्सच्या प्रत्येक टीमशी दोन-दोन. म्हणजे शार्लट सडली की तिच्याच डिव्हिजनमधल्या मायामी आणि अटलांटाला चार सोपे विजय आणि दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या डेन्व्हरला दोनच. वर ज्याच्याकडे शार्लटचा पिक आहे, त्याला ती हरलेलीच हवी. कारण ड्राफ्टमध्ये पहिला नंबर कोणाला, हे हरणाऱ्या टीमच्या सोडतीत ठरतं, आणि २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीमना त्याची १४-१४ टक्के संधी असते.

मग काही जण म्हणतात, बेवारस टीमला हातच लावू नका. मीही वर्षभर हेच म्हणत होतो. पण हात न लावणं हाही एक निर्णयच असतो. खऱ्या एनबीएत हे घडलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये न्यू ऑर्लिन्स हॉर्नेट्स खुद्द लीगने विकत घेतली. वर्षभराने तिचा स्टार खेळाडू क्रिस पॉल याला लेकर्स या टीमकडे पाठवायचं ठरलं, आणि एनबीएचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, डेव्हिड स्टर्न यांनी ते रोखलं. थोड्याच दिवसांत पॉल क्लिपर्स या दुसऱ्या टीमकडे गेला. सीझननंतर पॉल करार सोडून मोकळा होऊ शकत होता. गप्प बसले असते तर टीमच्या हाती काहीच उरलं नसतं. निर्णय घ्यावाच लागणार होता. मला खटकतं ते वेगळंच: टीम लीगची, म्हणजे पर्यायाने बाकीच्या २९ मालकांची. प्रतिस्पर्ध्यांच्याच मालकीच्या टीमचा निर्णय बंद दाराआड झाला, तर तो बरोबर असला तरी कोण मानणार?

म्हणून माझा प्रस्ताव असा. बेवारस टीमचे सगळ्यात चांगले पाच खेळाडू रोज मैदानात उतरतील, मुद्दाम हरणं नाही. जागा भरायच्या तर एका वर्षाच्या, किमान पगाराच्या करारावर. पहिल्या फेरीचे पिक विकायचे नाहीत, कितीही गोड ऑफर आली तरी. करार संपणारा मोठा खेळाडू कॉम्प्युटर सांगेल त्या किमतीला ठेवायचा. तो नाहीच म्हणाला, तरच ट्रेड, तोही उघड बोलीवर. बोली सगळ्यांना दिसेल, ४८ तास खुली राहील, आणि निवड तिघे करतील. बोली लावणारा आणि त्या डिव्हिजनमधला कोणीही त्या तिघांत नसेल. आमच्या लीगचा कमिशनर, म्हणजे मीही नाही, कारण माझी स्वतःची टीम आहे.

"एवढा वेळ कोणाजवळ आहे?" असंही विचारलं गेलं. ज्याला रात्री एक वाजता शार्लट लुटायला वेळ होता, त्याच्याजवळ मत द्यायलाही असेल.

सध्या सॅक्रामेंटोला जीएम नाही आणि तिच्या सेंटरने (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) नव्या कराराला नकार दिला आहे. बोली आज रात्री नऊला ग्रुपवर उघडतो. माझ्या टीमला सेंटरची फार गरज आहे, पण माझी बोली नसेल.