टक्केवारी

“पण मग यात तुम्ही काय केलंत?”

विचारणारे गृहस्थ ओळखीच्या कुणाबरोबर तरी आले होते. टेबलावरचं तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचं, अर्धवट दोर चढलेलं लाकडी मॉडेल त्यांना दिसलं, इथवर ठीक होतं. टेबलाखालचं किटचं खोकं दिसायला नको होतं. ते दिसल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक उतरलं आणि तिथे हिशेबनीस आला.

“लाकूड तुम्ही आणलंत?”

“खोक्यातच येतं. आतल्या थराला लिंडनच्या पट्ट्या, दीड मिलिमीटर जाड. वरच्या थराला अक्रोड, अर्धा मिलिमीटर.”

“सांगाडा?”

“प्लायवूडचा. लेझरने कापलेला येतो.”

“तोफा?”

“ओतीव. त्याही येतात.”

“दोरा?”

“येतो, पण...”

“येतो,” त्यांनी मनातल्या वहीत नोंद केली. “म्हणजे नुसती असेंब्ली.”

असेंब्ली! चार स्क्रू पिळून उभं राहणारं कपाट म्हणजे असेंब्ली. इथे किटबरोबरच्या पत्रकात अख्ख्या बाह्यांगाबद्दल एकच ओळ असते: ‘आता पट्ट्या बसवा.’ या एका ओळीत महिने जातात. आधी प्रत्येक बल्कहेडची, म्हणजे सांगाड्यातल्या आडव्या फळीची, कड तिरकी घासायची, म्हणजे पट्टी नुसत्या टोकावर न टेकता पूर्ण रुंदीवर बसते. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, बल्कहेडांना उतार जास्त, मधल्यांना जवळजवळ नाहीच. घासणं पुरेसं झालं का, हे एक मोकळी पट्टी नाळेपासून मागपर्यंत धरून पाहायचं. कुठे फट दिसली किंवा पट्टी कुठे उचलली गेली, की पुन्हा कानस.

आणि पट्ट्या सरळ असतात, जहाज सरळ नसतं, ही गोष्ट खोक्यावरच्या चित्रात कुठेच कळत नाही. समजा मधल्या बल्कहेडचा घेर 100 मिलिमीटर आहे, म्हणजे 5 मिलिमीटरच्या वीस पट्ट्या. नाळेपाशी तोच घेर 60 भरतो. मग वीसही पट्ट्या टोकाकडे 3 मिलिमीटरपर्यंत निमुळत्या करायच्या. मूळ रुंदीच्या निम्म्याखाली जायचं नाही, नाहीतर टोक चिरतं. तशी वेळ आली तर एक पट्टी अलीकडेच थांबवून शेजारणीत मुरवायची. मागच्या बाजूला उलटा प्रकार, तिथे जागा उरते म्हणून पाचरीच्या आकाराचे तुकडे घालायचे. पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवायची, वाकवायची, चिमट्यांत तशीच पूर्ण वाळू द्यायची, आणि मग चिकटवायची. ओली चिकटवली तर वाळताना आकसते आणि फटी पडतात. शिवाय एक पट्टी डावीकडे की लगेच एक उजवीकडे. एकच बाजू उरकून घेतली तर कण्याचं केळं होतं, आणि ते केळं नंतर कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते “हं, हं” म्हणत खोक्यावरचं चित्र वाचत होते.

मग त्यांचं लक्ष डोलकाठीकडे गेलं. “ही जाळी तयार येते?”

ती जाळी म्हणजे रॅटलाइन्स. डोलकाठीला बाजूने ताणून धरणारे जाड दोर ते श्राउड, आणि त्यांच्यावर बांधलेल्या आडव्या पायऱ्या त्या रॅटलाइन्स. यांवरून खलाशी वर चढायचे.

“गाठी मी मारल्यात,” मी म्हणालो.

“सगळ्या?”

“एका बाजूला सात श्राउड, बावीस पायऱ्या. 154 गाठी. दोन बाजूंच्या 308. ही फक्त एका डोलकाठीची खालची शिडी झाली.”

पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. फोनमधला कॅल्क्युलेटर काढून आकडा पडताळला. बरोबर निघाला, याचं त्यांना किंचित वाईट वाटलं असावं. “याला मशीन नाही?”

“नाही.”

प्लॅस्टिकच्या किटमध्ये साच्यातून काढलेल्या तयार शिड्या मिळतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. प्राण गेला तरी सांगितलं नसतं.

“मग तर गाठ घट्ट पाहिजे,” असं म्हणून त्यांनी बोट घालून एक श्राउड सतारीसारखा छेडला. मी ओरडलो. गाठ घट्टच नको असते हो! पायरी जरा जास्त ओढली, की श्राउड आत खेचले जातात आणि शिडीला कंबर येते. म्हणून मागे रेघा आखलेला कागद लावायचा, 1:64 ला, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या चौसष्टाव्या हिश्श्याचं असेल तर, पायऱ्यांत साधारण 5 मिलिमीटर अंतर धरायचं, आधी दर पाचवी पायरी बांधायची आणि मग मधल्या भरायच्या. गाठीवर पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब. सुपरग्लू नको, त्याने दोरा काळवंडतो आणि कडक होऊन तुटतो.

बोट काढून घेत गृहस्थांनी निकाल दिला. “दहा टक्के तुमचं. गाठींचं. नव्वद टक्के कंपनीचं.”

त्या नव्वदबद्दल मला खरोखर बोलायचं आहे. खोक्यातला दोरा लव सुटलेला असतो. मेणावरून कितीही ओढला तरी वर्षभरात धूळ धरून त्याची सुरवंटं होतात. तोही बहुतेक एकाच रंगाचा, जेव्हा कायमचे ताणलेले दोर डांबराने काळपट आणि हलते दोर फिके असायला हवेत. कप्प्या सरसकट 5 मिलिमीटरच्या. 64 ने गुणलं तर 32 सेंटिमीटर. अगदी शेंड्यावरच्या चिमुकल्या शिडालासुद्धा तेवढीच कप्पी. दोर अडकवायच्या खुंट्या 10 मिलिमीटरच्या, म्हणजे 64 सेंटिमीटर. खऱ्या साधारण 40 च्या असत. तेव्हा दोरा वेगळा घ्या, कप्प्या वेगळ्या घ्या, खुंट्या घासून बारीक करा. खोक्याचे पैसे भरून झाल्यावर हे सगळं. आणि श्रेय नव्वद टक्के!

दारापर्यंत गेलेले गृहस्थ परत वळले. “तरंगतं ना पण?”

नाही तरंगत. म्हणजे पाण्यावर राहील थोडा वेळ, पण तळाला वजन नाही आणि वर तीन डोलकाठ्या. लगेच आडवं होईल. मग गोंद सुटेल.

“तरंगत नाही,” ते सोबत्याला म्हणाले, आणि त्या दहातलेही काही कापले गेल्याचं मला दिसलं.

स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेलं व्हासा हे खरंखुरं युद्धनौकेचं धूड 1628 साली पहिल्याच सफरीत, स्टॉकहोमच्या बंदरात, दीड किलोमीटरही न जाता बुडालं. वरचा बोजा फार. वाऱ्याच्या झोताने कललं आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं. रीतसर चौकशी बसली. शिक्षा कुणालाच झाली नाही. कुणी किती टक्के केलं, हे त्या चौकशीत ठरवता आलं नसावं. हे गृहस्थ तिथे हवे होते.