सिमेंटचं पाणी नहाणीत ओतू देऊ नका

घरात फरशीचं किंवा पुट्टीचं काम काढलं असेल तर एक कराच. संध्याकाळी गवंडी घमेलं-थापी कुठं धुतोय, ते उभं राहून बघा.

आमच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर टाइल्स बदलल्या आणि ग्राऊटच्या, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायच्या सिमेंटच्या, बादल्या तिथंच बाथरूममध्ये विसळल्या. भोगलं तळमजल्यावरच्या आजींनी. वरच्या सगळ्या घरांचं सांडपाणी त्यांच्या नहाणीतून वर आलं. प्लंबरनं पाईप कापला तर आत पाईपाच्याच गोलाईचा पांढरा दगड, वर जेमतेम बोटभर फट आणि तिच्यात केसांचा गुंता.

‘भरपूर पाणी सोडलं की जातंय वाहून’ हे सर्रास ऐकू येतं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं; पाण्याखालीसुद्धा होतं. शिवाय ते पाण्याच्या तिप्पट जड, त्यामुळं ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्यात) आणि आडव्या पाईपात तळाला बसतं. साधं सिमेंट धरायला किमान अर्धा तास घेतं, पीओपी त्याच्याही आधी धरतं. म्हणजे जे करायचं ते लगेच.

त्या लाईनवरचे सगळे नळ आधी बंद. जाळी काढा, ट्रॅपमधली वाटी उचला, रबरी हातमोजे घालून गाळ हातानं उपसा. ओल्या सिमेंटनं कातडी भाजते. गाळ निघाल्यावरच जोरात पाणी मारा आणि खाली चेंबरचं झाकण उघडून येईल ते काढून घ्या. एक गोष्ट आपल्या ऊसपट्ट्यात तरी माहीत हवी. साखर सिमेंटला धरू देत नाही. उपसून राहिलेल्या ओल्या गाळात साखरेचं घट्ट पाणी ओतलं तर थोडा वेळ मिळतो. एकदा दगड झाला की साखरेचा उपयोग शून्य.

त्यानंतर दुकानातली ड्रेन पावडर आणू नका. ती तेलकटपणा आणि केसांसाठी असते, सिमेंटला काही करत नाही, उलट तिच्या उष्णतेनं पीव्हीसी मऊ पडतं. ॲसिड सिमेंट खातं खरं, पण बंद बाथरूममध्ये त्याची वाफ छातीत जाते. आणि आधी ब्लीचिंग ओतलं असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, जिवावर बेतेल. ट्रॅप किंवा पाईपाचा तुकडा बदलणं शेवटी स्वस्त पडतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हाच गाळ चेंबरच्या पुढं जाऊन बसला की छिन्नी घेऊन कुणीतरी आत उतरतं. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी उतरवतात. आपल्या घरातली नवी फरशी चकचकीत दिसावी म्हणून त्या माणसानं विषारी वायूत का जावं?

गवंड्याशी पैसे ठरवतानाच सांगा: धुणं एका जुन्या पिंपात करायचं. रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, सकाळी वरच्या पाण्यानं पुन्हा हत्यारं धुता येतात. तळाचा गोळा घट्ट झाला की पोत्यात भरून राडारोड्याबरोबर द्यायचा. ते पाणी झाडांना मात्र घालू नका, चुन्याच्या पाण्यासारखं फार अल्कधर्मी असतं.