‘फोटो धुतल्यासारखा आला’ : एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो आमच्या वॉटरकलर कागदावर घरी छापला, तो धुतल्यासारखा फिका आला, बाबांचा काळा कोट राखाडी झाला, कडेला शाईचे फराटे उठले आणि फोन केला तर ‘प्रिंटर तपासा’ एवढंच ऐकवलं, असं तुम्ही लिहिलंय. तो फोन मीच उचलला होता. दुकानात गर्दी होती, पण ती काही सबब नाही. माफ करा.

काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तुम्ही ‘फोटो छापायला’ असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी त्याने चित्रकलेचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस, म्हणजे खरबरीत पोताचा कागद दिला. चूक आमची.

‘डुप्लिकेट माल’ हे मात्र मान्य नाही. कागद अस्सल आहे, फक्त तो ब्रशसाठी बनवलेला आहे. त्याच्या सायझिंगमुळे, म्हणजे कागदाला दिलेल्या खळीमुळे, ब्रशचं पाणी काही वेळ वर राहतं आणि रंग फिरवता येतो. इंकजेट प्रिंटरच्या शाईच्या बारीक थेंबाला वर धरून ठेवणारा लेप त्यावर नसतो. शाई धाग्यांत उतरते, पसरते आणि काळ्याचा जोर जातो. इंकजेटसाठीचा वॉटरकलर कागद दिसायला असाच खरबरीत, पण त्याला तो लेप असतो, बहुतेकदा एकाच बाजूला. ओलसर बोट कोपऱ्याला टेकवा, लेपाची बाजू किंचित चिकटते.

फराट्यांचं कारण वेगळं. रोजचा झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमच्या आसपास, हा त्याच्या चौपट. त्यात कडा वळलेल्या असल्या की प्रिंटरचं हेड घासतं. कागद रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा, मागच्या ट्रेमधून एकेकच घाला, सेटिंगमध्ये ‘मॅट’ निवडा (तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘ग्लॉसी’ दिसतंय) आणि जाड कागदाचा पर्याय असेल तर तोही.

आता न विचारता एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या फोटोत वीसेक माणसं आहेत. ए४ वर प्रत्येक चेहरा नखाएवढा येणार, आणि असे चेहरे या कागदाचा पोत गिळून टाकतो, लेप असला तरी. आईबाबांचा दोघांचाच जवळून काढलेला फोटो असेल तर लेप असलेल्या अशा कागदावर तो फार सुंदर दिसेल. ग्रुप फोटोला साधा गुळगुळीत मॅट बरा.

पाकिटातले उरलेले कागद परत आणा, पूर्ण २५ कागदांचे पैसे देतो. वापरलेले चार धरून. दोघांचा फोटो आमच्याकडेच छापून देऊ, त्याचे पैसे नकोत. प्रिंट मात्र दुसऱ्या दिवशी न्या. शाई नीट सुकल्याशिवाय मी काचेखाली घालू देत नाही. आणि फाइल मूळ आणा, पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली नको, ती आधीच आक्रसलेली असते.